‘कुठला जॉइंट?’ असं आधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या परवानगीशिवाय तुमचं किंवा दुकानाचं नाव लिहीत नाही. द्वारका सर्कलच्या बाजूला जुन्या गाड्यांचे स्पेअर पार्ट शोधत फिरणाऱ्यांना तुमची ओळख पटेलच.

माझ्या गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये लीकेज होतं. ‘लाल सिलिकॉनची ट्यूब आणा, भरून देतो,’ असं गॅरेजमधून सांगितलं होतं. ट्यूब तुमच्या मागच्याच फळीवर होती. ती काढून दिली असती, पैसे घेतले असते, तर तुम्हाला कोणी काही म्हटलं नसतं. त्याऐवजी तुम्ही विचारलंत, ‘कुठला जॉइंट?’ आणि काउंटरवर गिऱ्हाइकं उभी असताना पावतीच्या पाठीमागे इंजिनापासून शेपटापर्यंतची लाइन काढून दाखवलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या पहिल्या पाइपाच्या, तोंडाशी काय चालतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. पेट्रोल गाडी जोरात पळते तेव्हा तिथला धूर ७००-८०० अंशांच्या घरात जातो. लाल सिलिकॉन साधारण ३००-३५० अंशांपर्यंत टिकतं. टॅपेट कव्हरला, ऑइल चेंबरला ते उत्तम. मॅनिफोल्डवर जळून त्याचा भुगा होतो. शिवाय काही सिलिकॉन सुकताना जी वाफ सोडतात, ती धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि सेन्सर खराब होतो. दोनशे-तीनशेच्या ट्यूबपायी हजारोंचा सेन्सर जाऊ शकतो.

माझ्या गाडीत दोन ठिकाणी लीक होतं आणि दोन्हींचा उपाय वेगळा निघाला. पुढचा फ्लँज, म्हणजे नट-बोल्टने आवळायची पाइपाची चपटी कड, सेन्सरच्या आधीचा. तिथल्या फटीतून धूर बाहेर पडतोच, पण धुराच्या दोन झटक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग इंजिन जास्त पेट्रोल घेतं आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. सकाळी थंड इंजिनाला येणारी टिकटिक गाडी तापल्यावर कमी का होते, तेही तुम्हीच सांगितलंत: लोखंड गरम होऊन फुगतं, फट आवळली जाते. त्या जागी तुम्ही कुठलीच ट्यूब दिली नाहीत. नवीन रिंग पॅकिंग दिलंत, गंजलेल्या नटांऐवजी नवे नट दिलेत आणि बजावलंत, की फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरून बघा; तो वाकलेला असेल तर कितीही पॅकिंग बदला, लीक राहणारच.

मागचा जॉइंट एका पाइपात दुसरा घुसणारा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्याही (धूर कमी विषारी करणाऱ्या डब्याच्याही) मागचा. तिथे मात्र एक्झॉस्टची पेस्ट, सोडियम सिलिकेटची, पाण्यात कालवलेली. तापली की भट्टीतल्या विटेसारखी कडक होते आणि हजार अंशांच्या आसपासही टिकते. पण ठिसूळ असते, म्हणून जोर क्लॅम्पने घ्यायचा, पेस्टने फक्त फट बुजवायची. वायर ब्रशने गंज आणि काजळी काढायची, आतल्या पाइपावर बाहेरून पातळ थर द्यायचा, फिरवत बसवायचा, क्लॅम्प आवळायचा, इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं आणि रात्रभर गाडी हलवायची नाही. गॅरेजवाल्याने हे सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. तडकलेल्या मॅनिफोल्डला ही पेस्ट लावायला येणाऱ्यांना तुम्ही परत पाठवता, हेही त्या दिवशी पाहिलं. तडा गेला असेल तर वेल्डिंग नाहीतर नवा मॅनिफोल्ड, एवढंच तुमचं उत्तर होतं.

खरं सांगायचं तर अ‍ॅव्हरेजपेक्षा मला आईची काळजी जास्त होती. पावसाळ्यात आम्ही तिला घेऊन मुंबईला जातो. कसारा घाटात धुकं, काचा बंद, गाड्यांची रांग. खालून गळणारा धूर अशा वेळी आत शिरू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. मागच्या सीटवर आई झोपली की ती साधी झोप आहे की गुंगी, कसं ओळखायचं? ‘आधी काम करा, मग घाट उतरा,’ असं तुम्ही मला स्पष्ट सांगितलंत. आम्ही तसंच केलं.

आता थंड इंजिनाची टिकटिक गेली आहे, फ्लँजभोवती काळा डाग पडत नाही. जॉइंट चांगला तापून थंड झाल्यावर क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या म्हणाला होतात. तोही आवळला, अर्धा फेरा आत गेला.

तुमच्या दुकानातल्या त्या मुलालाही माझे आभार सांगा. अंदाजाने क्लॅम्प न देता तो भर उन्हात गाडीखाली वाकला आणि व्हर्नियरने पाइप मोजून आला, म्हणूनच क्लॅम्प पहिल्याच वेळी बसला.

आपला कृतज्ञ,
इंदिरानगरचा एक ग्राहक, नाशिक