पत्र पोचलं तर कळव

औंध, पुणे ४११००७
१७ नोव्हेंबर

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोज संध्याकाळी फोनवर तोंड दिसतं, मग पत्र कशाला, असं म्हणशील. कारण आहे, ते शेवटी लिहितो.

परवा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. आमच्याच जुन्या शाखेत. इतकी वर्षं खिडकीच्या आत बसलो, आता बाहेर. मशीनवर अंगठा ठेवला, जुळत नाही म्हणालं. दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग ओल्या रुमालाने पुसून पुन्हा पहिला अंगठा. जन्मभर नोटा मोजून माझी बोटं गुळगुळीत झाली आहेत हे तुझ्या आईला ठाऊक आहे, मशीनला कोण सांगणार? व्हिसासाठी ठसे घेताना हाच तमाशा झाला होता. खिडकीतला मुलगा तुझ्याच वयाचा असेल. मान वर न करता म्हणाला, "काका, उद्या सकाळी या. सकाळी कधीकधी लागतो." मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्यासमोर जिवंत उभा आहे की. तर म्हणतो, "मला दिसताय हो काका, सिस्टीमला दिसायला पाहिजे ना!"

हसू आलं आणि रागही आला. चालत चालत ब्रेमेन चौकात आलो आणि सिग्नलला उभा राहिलो. या चौकात मी किती वर्षं बसमधून उतरलोय. ब्रेमेन हा कोणी इंग्रज साहेब असणार, अशी माझी पक्की समजूत होती. पुणे आणि जर्मनीतलं ब्रेमेन ही मैत्रीची शहरं आहेत, म्हणून चौकाला ते नाव, हे तू तिकडे निघालीस तेव्हा मला कळलं. तर त्या सिग्नलला तुझी आठवण आली, आणि तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे हेही आठवलं.

तू २०२२ मध्ये शिकायला गेलीस. ब्लॉक खात्यात, म्हणजे विद्यार्थ्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवतात त्या खात्यात, १०,३३२ युरो भरायचे होते. ते मी स्वतः फॉर्म भरून पाठवले, एका फटक्यात गेले, तेव्हा केवढा खूश होतो मी! आणि पंधरा दिवसांनी तू फोनवर रडतेस. पैसे तिथे पोचलेत पण काढता येत नाहीत. पैसे सुटायला तिथलं खातं हवं, खात्याला पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद हवा. आणि जिच्याकडे तू खोलीत राहत होतीस ती बाई कागद द्यायला तयार नाही, कारण ती स्वतःच तिथे भाडेकरू. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असा तिथला कायदा, आणि ऑफिसची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पाच आठवड्यांनंतरची. मी काय म्हणालो, आठवतं? "अगं, इतक्या शिस्तीच्या देशात कसली अडचण? तूच नीट चौकशी केली नसशील." पुढच्या वर्षी दार ओढलं गेलं म्हणून तू चावीवाल्याला १८० युरो मोजलेस. त्यावर मी हिशेब करून सांगितलं की एवढ्यात आपल्याकडे बिजागऱ्यांसकट नवा दरवाजा येतो.

या खेपेला दोन महिने तुझ्याकडे राहिलो आणि माझी पुरती जिरली.

पहिला मान बाटल्यांना. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवर छापलेलंच असतं, वापरानंतर चुरडून टाका. मी आज्ञाधारक माणूस, आठवडाभर पायाखाली घालून सहा बाटल्या चपट्या केल्या. तू ऑफिसला गेल्यावर त्या पिशवीत भरून दुकानातल्या भिंतीतल्या मशीनकडे नेल्या. एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, एवढं मी तुझ्याकडून ऐकलेलं. मशीनने बाटली आत घेतली, गरागरा फिरवली आणि तोंडातली सुपारी थुंकावी तशी बाहेर टाकली. सहाही वेळा. मागे रांग वाढत होती. एका पोराने पुढे येऊन बाटलीवरच्या बारकोडवर बोट ठेवलं आणि मूठ आवळून चुरडल्याची खूण केली, मग नकारार्थी मान हलवली. दीड युरोचं काही नाही गं. पण साठीपुढच्या माणसाला भर दुकानात एक शाळकरी पोरगं खुणांनी शिकवतं, आणि त्याला साधं "बरोबर आहे तुझं" म्हणायलाही आपल्याकडे शब्द नसतात. त्या बाटल्या मी घरी आणल्या आणि तुझ्या पलंगाखाली लपवल्या. अजून तिथेच असतील. बघ.

मग तो गुरुवार. यातलं निम्मंच मी तुला तेव्हा सांगितलं होतं.

कांद्याची सालं घेऊन खाली तपकिरी डब्यात टाकायला गेलो. अंगात बंडी आणि पायजमा, पायात तुझ्या फुलाफुलांच्या स्लीपरा. मागे दार 'टक्' करून मिटलं, तेव्हाच कळलं. त्या दाराला बाहेरून नुसता गोळा, फिरतच नाही. चावी आत, फोन आत, चष्माही आत. आपल्याकडे काय केलं असतं? समोरच्या वहिनींची बेल वाजवली असती, त्यांच्या सोफ्यावर बसून चहा प्यायलो असतो, आणि वॉचमनने मंडईजवळून कोणीतरी चावीवाला धरून आणला असता. तिथे बेलवर फक्त आडनावं. फ्लॅट नंबर हा प्रकारच नाही. कुठल्या आडनावाला हात लावायचा? आणि दार उघडलं तर बोलायचं काय?

जिन्यात बसलो. जिन्यातला दिवा दोनेक मिनिटांनी आपोआप विझतो. उठायचं, बटण दाबायचं, येऊन बसायचं. पुन्हा अंधार. मी अजून इथे आहे हे त्या दिव्याला सारखं सांगावं लागत होतं. पंधरा-वीस वेळा सांगितलं, मग गुडघे बोलायला लागले आणि अंधारातच बसून राहिलो.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई चाकांची पिशवी ओढत आल्या आणि मला बघून दचकल्याच. मी हवेत चावी फिरवून दाखवली. त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं, मला त्यातलं "टोख्टर", म्हणजे मुलगी, एवढं कळलं. मी जोरात मान हलवली. त्या घरात गेल्या, बाहेर आल्या त्या एक लाकडी खुर्ची आणि कपभर कॉफी घेऊन. खुर्ची जिन्यात ठेवली, कॉफी हातात दिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आधी वाटलं, काय माणुसकी आहे! घरात या म्हणवत नाही! कॉफी संपेपर्यंत विचार बदलला. त्या बाईने माझ्यासाठी स्वैपाकघरातली खुर्ची आणली होती. आपल्या सोसायटीत अनोळखी परदेशी म्हातारा फुलाफुलांच्या स्लीपरा घालून जिन्यात बसलेला दिसला असता, तर आपण आधी सेक्रेटरीला फोन केला असता. तू साडेपाचला आलीस. मी सांगितलं, "तासभर झाला असेल." पावणेदहापासून बसलो होतो, मनू.

त्या रविवारी मला ताप भरला तेव्हाचं तर तू पाहिलंच आहेस. आपल्या क्रोसिनचाच भाऊबंद तो, पण किराणा दुकानात ठेवत नाहीत, औषधांच्याच दुकानात, आणि रविवारी तीही बंद. पाळीवरचं एक उघडं, तेही ट्राम बदलून जायचं, तिथे बंद दाराला लहानशी खिडकी, बेल वाजवायची, आणि अवेळी आल्याचे अडीच युरो वेगळे. सोमवार ते शनिवारातच आजारी पडावं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी मात्र मला अजिबात खुपली नाही. घरात टीव्ही असो नसो, दर घराला महिन्याला १८.३६ युरो! तू वैतागलीस, आणि मला आमच्या लहानपणीचं रेडिओचं लायसन्स आठवलं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचं. आपलं सरकार सुधारलं, म्हणजे बघ!

गाढवाचंही सांगून टाकतो. तिथल्या नगरभवनाशेजारी गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे आहेत, तिथे तू मला गाढवाचे दोन्ही पाय धरून इच्छा मागायला सांगितलीस. माझ्या एका हातात पिशवी होती, म्हणून मी एकच पाय धरला. एका हाताने धरलं तर एक गाढव दुसऱ्या गाढवाला भेटतं असं तिथले लोक म्हणतात, हे तू मला नंतर सांगितलंस. असो. पण गोष्टीतली ती चार जनावरं ब्रेमेनला पोचतच नाहीत, वाटेत एका घरात मुक्काम ठोकतात, हे मला फार आवडलं. पुतळा मात्र त्यांचा ब्रेमेनमध्ये. कागदपत्रं पूर्ण नसताना मिळालेला एवढा एकच रहिवास असावा.

आता खरं सांगायचं ते.

यंदा जानेवारीत आजी गेली. तू दहाव्याला आली नाहीस, तेराव्यालाही नाही. विद्यार्थ्याचा परवाना संपून नोकरीचा व्हायचा होता, अर्ज दिलेला, उत्तर नाही. मधल्या काळासाठी एक कागद देतात, त्याचं नाव तू सांगितलं होतंस, फिक्त्सिओन्स-बेशाइनिगुंग. फिक्शनचाच दाखला! म्हणजे तू तिथे आहेस असं तूर्त मानून चालू. तोही तेव्हा तुझ्या हातात नव्हता. तू मेलवर मेल करत होतीस. निघालीस तर परत आत घेतील की नाही, हे तुला कोणी सांगेना. आणि मी फोनवर म्हणालो, "कागद काय, होत राहतात. आजी पुन्हा मरणार आहे का?" जन्मभर कागदासाठी लोकांना परत पाठवलेला माणूस हे बोलला. तू काही बोलली नाहीस. फोन ठेवलास एवढंच.

परवा त्या पोराने "उद्या या" म्हटल्यावर मला एक मुलगा आठवला. १९९६ सालची गोष्ट. सुदानहून शिकायला आलेला, काडीसारखा उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट. खातं उघडायला आला. घरून आलेला ड्राफ्ट वरच्या खिशात, शर्टातून दिसत होता. खातं नाही म्हणून तो वटत नाही आणि वटत नाही म्हणून हातात पैसे नाहीत. पहिल्यांदा मी त्याला घरमालकाच्या पत्रासाठी परत पाठवलं. मालक देईना, असं तो सांगायला आला, तर मी कॉलेजचं बोनाफाईड मागितलं. तेही घेऊन आला. त्याच्या पासपोर्टावर चार नावं, स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं. कॉलेजच्या पत्रात तीन. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलीने पणजोबावर गोल केला आणि म्हटलं, "धिस नॉट मॅचिंग. कम टुमॉरो." मी नियमाने वागलो होतो, मनू. आजही कोणी तपासलं तर माझी चूक निघणार नाही. चौथ्यांदा तो आलाच नाही. त्या संध्याकाळी मी घरी येऊन नीट जेवलो असणार, कारण त्या दिवसाबद्दल मला दुसरं काहीच आठवत नाही.

तुझ्या पासपोर्टात तुझ्या नावाला माझं नाव जोडलेलं आहे. म्हणून तिकडे विमा कंपनी तुला एका नावाने पत्र पाठवते आणि बँक दुसऱ्या, आणि दाताच्या डॉक्टरने तर तुला "फ्राऊ श्रीकांत", म्हणजे श्रीमती श्रीकांत, अशी हाक मारली. आपण तेव्हा खूप हसलो. परवा सिग्नलला उभा असताना हसू आलं नाही.

आजीच्या वेळचं माझं बोलणं चुकलं. हे फोनवर सांगायला गेलो की तू "जाऊ द्या हो बाबा" म्हणतेस आणि तुझी आई मागून कोथिंबिरीचा भाव सांगते, म्हणून लिहिलं.

काल सकाळी पुन्हा बँकेत गेलो होतो. चौथ्या वेळेला अंगठा लागला. मी जिवंत आहे, पुढल्या नोव्हेंबरपर्यंत काळजी नसावी. त्या मुलाला म्हटलं, माझ्यामागे त्या आजी उभ्या आहेत ना, त्यांची बोटं धुणीभांडी करून झिजलेली आहेत, त्यांचं मशीनवर लागणार नाही, त्यांचा दाखला कागदावर घे. तो जरा वैतागला. पण त्याने कागदावर घेतला.

आता पत्राचं कारण. टपालपेटीवर नाव नव्हतं म्हणून तुझं ऑफिसचं एक पत्र परत गेलं होतं, तेव्हा मी माझ्या लेजरच्या अक्षरात तुझं नाव लिहून चिकटवलं. आधी तुझं, मग माझं, मग आडनाव, पासपोर्टात आहे तसंच. वर पारदर्शक टेप लावली, पण तुमच्याकडे पाऊस तिरका येतो आणि ती टेप स्वस्तातली होती. पाटी अजून जागेवर आहे का, ते बघायला हे पत्र पोस्टाने टाकतोय. मिळालं तर फोन कर. एका चावीची नक्कल खालच्या आजीबाईंकडे ठेव, आणि त्यांना आईने पाठवलेल्या डब्यातल्या चार चकल्या नेऊन दे. खुर्ची परत केलीस ना?

तुझा,
बाबा