तुंगनाथची माती

प्रिय सुन्या,

पावसाळाभर पत्र नाही, रागावू नकोस. गुडघा बरा आहे, आईही ठीक. लिहितोय ते मातीपायी, आणि हे तुलाच कळेल.

उत्तराखंडातल्या आपल्या तुंगनाथच्या डोंगरावरच्या मातीच्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांचा कार्बन फारच कमी आला. आपली रीत तीच: मातीच्या एका वाट्याला क्लोरोफॉर्मची वाफ देऊन पेशी फोडायच्या, दुसरा तसाच ठेवायचा, आणि दोन्हींतून निघालेल्या कार्बनची वजाबाकी करायची. उंचावरची थंडी म्हणून सोडून देणार होतो. मग वाफ न दिलेल्या वाट्यांचे आकडे पाहिले, तर तेच फुगलेले! म्हणजे क्लोरोफॉर्म लागण्याआधीच पेशी फुटल्या होत्या. सगळी माती आपण उणे 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये टाकली ना, तिथंच घात झाला. गोठली, वितळली, पेशींतलं सगळं बाहेर. मग वजाबाकीत उरणार काय?

म्हणून ऑक्टोबरात चढशील तेव्हा जागेवरच दोन पिशव्या कर. डीएनएची गोठव. बायोमासची, म्हणजे सूक्ष्मजीवांचा कार्बन मोजायची, 4 अंशांवर ठेव, वाळवू नकोस, मुळं वेचून ओलीच 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढ. मग 25-25 ग्रॅमचे दोन वाटे. एकाला डेसिकेटरमध्ये, त्या हवाबंद भांड्यात, 24 तास क्लोरोफॉर्मची वाफ, दुसरा तसाच. दोन्हींत अर्धा मोलर पोटॅशियम सल्फेट 100 मिली, अर्धा तास हलवून गाळ. पेशींतला सगळा कार्बन काही निघत नाही, म्हणून दोन्हींतल्या कार्बनच्या फरकाला 0.45 ने भाग. क्लोरोफॉर्मची बाटली मात्र नीट वाच: टिकावा म्हणून इथेनॉल घातलेलं असेल, तर ते मातीत उरतं आणि कार्बन म्हणून मोजलं जातं.

डीएनएची पट्टी उमटली नाही तर नमुन्याला दोष देऊ नकोस. त्या काळ्या मातीतली, कुजण्यातून आलेली ह्युमिक आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडवतात, दहापट पातळ करून बघ. बाहेरचं डीएनए शिरलं का ते कळायला मातीविना एक नळी दर खेपेला हवीच.

मला खरी काळजी वेगळीच लागलीय. फ्रीजरमध्ये झालं तेच डोंगरावर होतं. जाड बर्फाखाली माती शून्याच्या आसपास राहते आणि सूक्ष्मजीव हिवाळाभर काम करतात. बर्फ कमी पडला की पांघरूण गेलं, माती कडक गोठते, वितळते, पुन्हा गोठते. फुटलेल्या पेशींतला नायट्रोजन वितळत्या पाण्याबरोबर वाहून जातो, मुळं जागी व्हायच्या आत. म्हणून मातीत तापमापक पुरून ये, 5 सेंटिमीटरवर. त्याशिवाय हे आकडे वाचायचे कसे?

आणि पाला मातीत धरायचा की वेगळा, ते आपलं भांडण मी सोडलेलं नाही! खर्सू ओकच्या झाडांखालचा कुजका पाला वेगळाच काढ. त्यात बुरशीचं राज्य. दोन सेंटिमीटर जास्त आला, की उंचीचा नव्हे, तुझ्या खुरप्याचा फरक मोजशील. ऱ्होडोडेंड्रॉनखालची मातीही भोजपत्राच्या मातीत मिसळू नकोस, मुळांतल्या बुरशीच वेगळ्या.

मिनूची दहावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार. चोपत्याला पोचलास की फोन कर.

तुझा,
दिन्या