जुन्या ग्रंथांची शेवटची पाने जपा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापुरातील एका जुन्या वाचनालयात अलीकडे नव्याने बाइंडिंग केलेली पुस्तके पाहिली आणि फार वाईट वाटले. देणगीदारांची नावे, जुने शिक्के आणि वाचकांच्या नोंदी असलेली पुढची-मागची पाने निरुपयोगी समजून काढून टाकण्यात आली आहेत. अशा पानांचे मोल किती असते, हे सोळाव्या शतकात इटलीत छापलेल्या हिब्रू ग्रंथांवरून कळते.

व्हेनिसमध्ये डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२३ पर्यंत संपूर्ण बाबिलोनी तालमूद, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा व त्यांवरील चर्चांचा ग्रंथसंग्रह, छापून पूर्ण केला. पुढे मायमोनिडीज या मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या धर्मसंहितेच्या छपाईवरून तेथील दोन ख्रिस्ती छापखानामालकांत वाद पेटला, परस्परांविरुद्धच्या तक्रारी रोमला पोपच्या दरबारापर्यंत गेल्या आणि १५५३ मध्ये रोम व व्हेनिस येथे भर चौकात तालमूदच्या प्रती जाळण्यात आल्या. इतर हिब्रू ग्रंथ बाळगण्यास मुभा राहिली, पण चर्चच्या तपासनिसाने ख्रिस्ती धर्माविरुद्ध वाटणारा मजकूर शाईने खोडावा, शेवटच्या पानावर सही करावी आणि या कामाचे पैसे ग्रंथाच्या ज्यू मालकानेच मोजावेत, अशी रीत पडली. आपल्याच धर्मग्रंथातील ओळी खोडून घेण्यासाठी पैसे मोजताना त्या माणसांना काय वाटले असेल, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. तपासनीस बहुधा धर्मांतर केलेले ज्यू असत, कारण हिब्रू वाचता येणे आवश्यक होते. त्यांपैकी जेरुसलेमच्या दोमेनिकोने तर १५९६ मध्ये ४२० ग्रंथांतील खोडावयाच्या जागांची यादीच तयार केली. एकाच प्रतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या दोन-तीन सह्याही सापडतात. त्यावरून ती प्रत कधी आणि कोणाच्या हातून गेली, याचा माग अभ्यासकांना काढता येतो.

छपाईची शाई काजळी आणि तेलाची, तर तपासनिसाची हिराकस व मायफळ यांची. ही दुसरी शाई कालांतराने पिवळसर तपकिरी होऊन फिकटली, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी खोडलेली अक्षरे आज पुन्हा वाचता येतात. काही ठिकाणी मात्र तिने कागदच खाल्ला. याउलट स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १५७८ ते १५८१ दरम्यान निघालेल्या तालमूदात मूर्तिपूजेविषयीचा सबंध प्रबंध छापण्याआधीच गाळलेला होता. खोडलेल्या ओळीची खूण तरी राहते. काढून टाकलेल्या पानाची राहत नाही.

हा विषय आपल्याला तितका परका नाही. पुण्यात १८७४ साली बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजासाठी हिब्रू मजकूर व मराठी भाषांतर असलेली पेसाह या ज्यू सणाची पोथी छापली गेली. आपल्या सोलापुरात तर जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’सारखे प्राचीन प्राकृत ग्रंथ हस्तलिखितांतील पाठभेदांची दखल घेऊन प्रसिद्ध केले. अशा परंपरेच्या शहरात तरी पानांची हेळसांड होऊ नये.

म्हणून वाचनालयांच्या विश्वस्तांना विनंती आहे की, बाइंडिंगला पुस्तके देताना एकही पान, अगदी कोरे दिसणारेसुद्धा, काढू नये, अशी लेखी सूचना द्यावी. स्कॅनिंग पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत करावे. शिक्के, सह्या आणि खाडाखोड संगणकावर ‘स्वच्छ’ करू नयेत. काढलेली पाने अजून रद्दीत गेली नसतील, तर ती पाकिटात घालून, त्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून, त्या त्या पुस्तकासोबत ठेवावीत.

आपला,
एक वाचक, सोलापूर