पाणी कितव्या पायरीला?

पुणे,
14 सप्टेंबर 2025

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "लेका, कॉलेज सोडून त्या नदीकाठी तुझं काय चाललंय?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. बरंच झालं. ही गोष्ट फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखी नाहीच.

2019 च्या ऑगस्टमधला सांगलीचा पूर आठवतो ना? तुमच्या जिन्यावर आपण दोघं तासातासाला विटकरीनं रेघ मारत होतो. मोठी माणसं भेटली की एकच विचारायची, "आयर्विन किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं, पण ते चढत होतं ते सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर.

पुण्यात मोबाईलवर येतो तो विसर्ग, म्हणजे धरणातून किती पाणी सोडलं तो आकडा, तोही क्युसेकमध्ये. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून मुठेत. 25 जुलै 2024 च्या पहाटे हा आकडा 35 हजारांच्या वर गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. हिशोब कर, दर सेकंदाला 10 हजार लिटरचे शंभरेक टँकर रिते होतायत! सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत कित्येकांना जाग आली तेव्हा पाणी दारात होतं. कोयनेचं पाणी सांगलीला पोचेपर्यंत आपल्याला गुरं सोडायला, धान्य माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. खडकवासला शहराला इतका जवळ आहे की इथं हातात तास-दोन तास असतात, आणि ते रात्रीचे असले तर तेही नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही कॉलेजच्या रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजना) मुलं नदीकाठच्या एका वस्तीत गाळ उपसायला गेलो. एका घरात दोरीला चिमटा लावून दहावीचं गुणपत्रक वाळत घातलं होतं. 78 टक्के. ज्या मुलीचं होतं ती आमच्याबरोबर घमेली उचलत होती. ते गुणपत्रक माझ्या डोक्यातून गेलंच नाही बघ. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, पाण्याची पातळी मोजायचं यंत्र मला करता येतं, मग नुसता गाळ काढून घरी का जायचं?

यंत्र सोपं आहे. सेन्सरमधून न ऐकू येणारा आवाज खाली जातो, पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चार चकरा मारून सेन्सर, बोर्ड, सिमचं मॉड्यूल, बॅटरी आणि छोटं सोलर पॅनल असं सगळं साडेतीन हजारांत जमवलं. वर्गणी आम्ही सहा जणांनी काढली. पण प्रयोगशाळेच्या बाकावर बरोबर चालणारी गोष्ट नदीवर तशी चालत नाही. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला 0.6 मीटर. चार मीटर अंतरावर दहा अंशांचा फरक पडला की मापात सात सेंटिमीटर चूक. म्हणून तापमानाचा सेन्सरही जोडावा लागला.

यंदा जूनमध्ये मोठी चूक झाली. फांदीला अडकलेलं प्लास्टिकचं पोतं सेन्सरखाली लोंबत होतं. यंत्राला वाटलं पाणी चढलं. रात्री दोनला भोंगा वाजला, माणसं तान्ही पोरं काखेत घेऊन रस्त्यावर आली, आणि नदी होती तिथंच होती. गटाचा प्रमुख मी होतो. सकाळी एकटाच गेलो आणि घरोघर माफी मागितली. काहींनी दारच उघडलं नाही. आता यंत्र पंधरा मापं घेऊन मधलं धरतं, आणि दहा मिनिटांत तीनदा तेच आलं तरच भोंगा वाजवतं.

त्या फेरीतच एका मावशींनी मला बसवून चहा दिला. धुण्याभांड्यांची कामं करतात, पहाटे नळाला पाणी येतं म्हणून वस्तीत सगळ्यांत आधी उठतात. मी त्यांना मोबाईलवरचा आलेख दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, "बाळा, ते राहू दे. पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला आलंय ते मला कळेल का?"

मन्या, मला एकदम तुमचा जिना आठवला. जे आपण चौदाव्या वर्षी विटकरीनं करत होतो, ते मी इंजिनिअरिंग शिकून विसरलो होतो!

मारुतीच्या देवळाला नदीकडून नऊ पायऱ्या आहेत. पुढच्या रविवारी आम्ही त्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे टाकले. तिसरी आली की म्हातारी माणसं आणि आजारी हलवायची, पाचवी आली की सगळ्यांनी निघायचं. पायऱ्या कुठल्या, हे मी ठरवलं नाही. वस्तीतले एक आजोबा 12 जुलै 1961 ला, पानशेत फुटलं तेव्हा, सहा वर्षांचे होते. ते, मावशी आणि मंडळाची पोरं कट्ट्यावर तासभर भांडली आणि त्यांनी ठरवलं. मी नुसतं लिहून घेतलं. यंत्राचा निरोपही आता "पायरी 3" एवढाच येतो. तो आला की मावशी देवळाची घंटा वाजवतात, मंडळाची पोरं स्पीकर लावतात, आणि कोणी कुणाच्या दारात जायचं याची यादी मंडळाच्या फळ्यावर आहे. भोंग्यानं न उठणारा माणूस ओळखीच्या हाकेनं उठतो.

यंत्र सांभाळते ती गुणपत्रकवाली मुलगी. ती आता आयटीआयला आहे. जलपर्णी अडकू नये म्हणून सेन्सरभोवती पाइपाचा तुकडा बसवायची युक्ती तिचीच. किल्लीही मी तिच्याकडेच दिली. खरं सांगू, ती देताना हात जरा आखडला होता.

ऑगस्टमध्ये विसर्ग वाढला तेव्हा मी पुण्यात नव्हतो. इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेलो होतो आणि पावसानं लोकल बंद पडल्या. दादरला एका मित्राकडे रात्रभर फोन हातात धरून बसलो. बाराला "पायरी 2" आलं. दीडला "पायरी 3". नंतर काहीच नाही. मी फोन लावतोय, कुणी उचलत नाही, आणि डोक्यात नको नको ते येतंय. तीनला तिचाच फोन आला. मागं लहान मुलांचा नुसता कालवा. म्हणाली, "दादा, आजोबांना पहिल्यांदा आणलं. आम्ही सगळे शाळेत आहोत. कागदपत्रांच्या पिशव्या पण आणल्यात. तुम्ही झोपा आता."

पाणी चौथ्या पायरीवरून उतरलं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. पायऱ्यांवरचा रंग एका पावसात निघाला, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात आकडे दिसत नाहीत. आयर्विनला जाऊन ये. तिथल्या पट्टीवरचे आकडे किती उंचीचे आहेत, कुठल्या रंगात आहेत, लांबून किती दिसतात, ते नीट बघून लिही. फोटोही पाठव, एक दिवसा आणि एक अंधार पडल्यावर. दिवाळीच्या आत मला ते पक्क्या रंगात करून घ्यायचेत.

काकूंना नमस्कार. जिन्यावरच्या रेघा अजून आहेत का, तेही कळव.

तुझाच,
अभ्या