मदत हवी, असे पहिल्याच अर्जात लिही

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे नागपूरहून आलेले पत्र परवा मिळाले. लेकीने अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये पदवीसाठी अर्ज करायचे ठरवले, याचा मला मनापासून आनंद झाला. तिच्या अर्जासोबत महाविद्यालयाने पाठवायचा अहवाल मलाच लिहायचा आहे आणि तो लिहिताना हात आखडता घ्यावा लागणार नाही, इतकी ती गुणी आहे. मात्र पत्राच्या शेवटी तू जे सहज लिहून गेलास, त्याने मी अस्वस्थ झालो. आर्थिक मदत हवी आहे का, या प्रश्नापुढे तूर्त ‘नाही’ लिहायचे, प्रवेश पदरात पडू द्यायचा, पहिल्या वर्षासाठी कर्वेनगरचा फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायचे आणि दुसऱ्या वर्षापासून विद्यापीठाकडे मदत मागायची, असा सल्ला तुला मिळाला आहे आणि तो तुला पटलाही आहे. हे पत्र मी केवळ तेवढ्यासाठी लिहीत आहे. तसे करू नकोस.

तुझ्या सल्लागाराचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते जास्त फसवे आहे. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक यांसारखी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज तपासताना त्याच्यावर आपल्याला किती खर्च करावा लागेल हेही पाहतात. अशा धोरणाला ‘नीड-अवेअर’ म्हणतात आणि तेथे मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट येथे प्रवेश ठरवणारी समिती परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीतही पैशाचा विचार करत नाही. डार्टमथ आणि बोडन ही दोन महाविद्यालये २०२२ मध्ये या ‘नीड-ब्लाइंड’ गटात आली आणि ब्राऊनने यंदा दाखल झालेल्या तुकडीपासून तेच धोरण स्वीकारले. या ठिकाणी ‘नाही’ लिहून तुझ्या लेकीच्या पदरात काहीही जास्तीचे पडणार नाही. उलट जे तिला नियमाने मिळू शकते, ते मात्र जाईल.

आता दुसऱ्या वर्षी मागण्याबद्दल. स्टॅनफर्डचा नियम असा आहे की, परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशअर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षे त्याला ती मागता येत नाही. नीड-अवेअर गटातील इतर अनेक संस्थांचेही असेच आहे. म्हणजे जेथे ‘नाही’ लिहिण्याचा काही उपयोग आहे, नेमके तेथेच ते ‘नाही’ चार वर्षे मानेवर बसते. शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, विमा असे सगळे धरून या विद्यापीठांचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. आपल्या रुपयांत तो सत्तर लाखांहून अधिक होतो आणि चार वर्षांचे अडीच कोटींहून अधिक होतात. फ्लॅट तारण ठेवून एखादे वर्ष कसेबसे निभावेल. त्यानंतर लेकीला शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले, तर तिच्या मनाची काय अवस्था होईल, याचा विचार कर.

तू लिहिले आहेस की, आपल्या घराण्यात कोणी कोणापुढे हात पसरलेला नाही. तुझा स्वाभिमान मी शाळेपासून पाहत आलो आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण येथे तो आड आणू नकोस. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार लिहून देऊन. त्यात कोणाला कमीपणा दिसला नाही. आज हार्वर्ड किंवा प्रिन्स्टन जे देतात ते अनुदान असते. ते परत करायचे नसते आणि त्यासाठी करारही लिहून द्यावा लागत नाही. प्रिन्स्टनने तर २००१ पासूनच आपल्या मदतीतून कर्ज हा भाग काढून टाकला. हार्वर्डने या शैक्षणिक वर्षापासून जाहीर केले आहे की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत आहे आणि मालमत्ताही सर्वसाधारण आहे, त्याला काहीच भरावे लागणार नाही. तुझा पगार त्या आकड्याच्या पाव हिश्शापर्यंतही जात नाही.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नकोस. मागे आमच्या महाविद्यालयातील एका मुलाचा अर्ज भरताना मी हे सगळे जवळून पाहिले आहे. त्याची आई सदाशिव पेठेत खानावळ चालवते. वडील नाहीत, प्राप्तिकराचे विवरणपत्र कधी भरलेले नाही, पगाराची पावती असण्याचा प्रश्नच नाही. ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा जो मोठा अर्ज भरावा लागतो, त्यात आईवडिलांचे उत्पन्न, घर, शेती, बचत, कर्ज, भावंडांचा शिक्षणखर्च असे एकेक विचारत जातात. संध्याकाळची पंगत उठल्यावर त्या माउलीने डबेवाल्यांच्या हिशेबाची वही पुढे ठेवली. त्यात महिनेदार मुलांची नावे, जमा रक्कम आणि गावी गेलेल्यांचे खाडे पेन्सिलीने टिपलेले होते. आम्ही त्यावरून महिन्याची मिळकत काढली, धान्य, गॅस आणि मदतनीस बाईंचा पगार वजा केला, बँकेच्या पासबुकाशी ताळा जमवला आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडून, विवरणपत्र का भरलेले नाही याचे साधे निवेदन लिहिले. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा होता, त्याचे इंग्रजी भाषांतर करून तोही लावला. जमीन दाखवली तर मदत कमी मिळेल, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. त्या बाईंनी ते तिथल्या तिथे झटकून टाकले. तो मुलगा एका लहान महाविद्यालयात जवळजवळ संपूर्ण मदतीवर शिकत आहे. तुझ्याकडे तर फॉर्म १६ आहे, विवरणपत्रे आहेत, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आहे. आकडे रुपयांतच भरता येतात आणि अर्जाची फी माफ व्हावी म्हणून विद्यापीठाला आधी विचारताही येते.

यादीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुम्ही तयार केलेल्या यादीत कॅलिफोर्नियाची दोन सरकारी विद्यापीठे आहेत. ती फार उत्तम आहेत, पण परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत देत नाहीत, म्हणून ती आजच काढून टाक. नीड-ब्लाइंड संस्था सगळ्या ठेव. त्यांच्या जोडीला, मदत मागणाऱ्याला प्रवेश देतील तर पूर्ण गरज भागवणारी पाच-सहा नीड-अवेअर महाविद्यालये घे, आणि त्यांत ज्यांची नावे पुण्यात कोणी ऐकलेली नाहीत अशी लहान महाविद्यालये जरूर असू देत. हार्वर्ड आणि एमआयटीमध्ये एकूण शंभर अर्जांमागे पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही, आणि परदेशी मुलांसाठी वाट त्याहून अरुंद आहे. नकार आले तर ते तिच्या बुद्धीवरचे मत नव्हे, हे घरात आधीच बोलून ठेवा. व्हिसाची अनिश्चितताही यंदा वाढली आहे. मे महिन्यात तिथल्या सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेऊ पाहिला होता आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला.

म्हणूनच तिची येथली तयारी सुटता कामा नये. तिला जीवशास्त्रात संशोधन करायचे आहे आणि पाषाणची ‘आयसर’ ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तिच्या घरापासून फार लांब नाही. त्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास तिने मन लावून करावा. तेथून पाच वर्षांनी पीएच.डी.साठी अमेरिकेत गेली, तर विज्ञानशाखेत चांगल्या विद्यापीठांत सहसा शिक्षणशुल्क माफ होते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळते. अडीच कोटींचे ओझे घेऊन अठराव्या वर्षी जाण्यापेक्षा बिनकर्जाने तेविसाव्या वर्षी गेलेले मला केव्हाही अधिक पसंत आहे. मात्र मदतीसह आत्ताच जाता आले, तर तिला एक दिवसही थांबवू नकोस.

धाकट्याबद्दल एक सुचवतो. मुळशीत पौडजवळ महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तेथे दहावीनंतर दोन वर्षांसाठी प्रवेश मिळतो आणि गरजेनुसार शिष्यवृत्तीही मिळते. तिथून पुढे गेलेल्यांसाठी २००० पासून चालू असलेल्या डेव्हिस योजनेतून अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांना मदतीचा पैसा मिळतो. धाकटा आता नववीत आहे, तेव्हा अजून अवकाश आहे.

लेकीचे म्हणणे आहे की, निबंध सल्लागाराच्या माणसाने ‘सुधारून’ दिला आहे. तो मी वाचला. भाषा गुळगुळीत आहे आणि त्यात ती कुठेच सापडत नाही. मुठेच्या काठावरचे पाणी बाटल्यांत भरून आणून तिने वर्षभर जी तपासणी केली, ती तिने स्वतःच्या, थोड्या अडखळत्या इंग्रजीत लिहिली तरी चालेल; पण ती तिनेच लिहिली पाहिजे.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेची मुदत गाठण्याची घाई नको. १ जानेवारीची धरू. दिवाळीत तू येशील तेव्हा तीन वर्षांची विवरणपत्रे, फॉर्म १६, फ्लॅटच्या कर्जाचा बँकेचा उतारा आणि आईंच्या औषधपाण्याच्या पावत्या घेऊन ये. त्या खर्चाचाही विचार होतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आपण तिघे बसू आणि त्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहू. तारणाच्या कागदांवर तोवर सही करू नकोस, एवढे माझे ऐक.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग दंडवत, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शाळेतला सोबती