ताई, तो अर्ज भरून घेतल्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

भेट झाली की मी आभार मानते आणि तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून आता जाहीर पत्रच लिहितेय. फिनलंडला यायला निघालेल्या मराठी घरांतून मला शाळेबद्दल सारखे फोन येतात. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते नीट लिहिलं, तर त्यांच्या बऱ्याच शंका आपोआप मिटतील असंही वाटलं.

सेल्लो मॉलमधल्या वाचनालयात मराठी कानावर पडलं म्हणून तुम्ही थांबलात, तीच आपली ओळख. मिरजेहून येऊन आम्ही हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरात नुकतं घर लावलं होतं. नोव्हेंबरचा काळोख, शाळेचं वर्ष ऑगस्टमध्येच सुरू झालेलं. मधेच आलेल्या मुलांना कोण घेणार, याच घोरात मी होते. तुमचा पहिला प्रश्न होता, "पत्ता नोंदवलात का?" लोकसंख्या नोंदणीत पत्ता लागला, एस्पो ही आपली राहती नगरपालिका म्हणून नोंद झाली, की मुलाला शाळा देणं ही नगरपालिकेची जबाबदारी, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की त्या रात्री मला नीट झोप लागली. इथे शाळा आपण शोधत फिरायची नसते. घराच्या पत्त्यावरून जवळची शाळा ठरते. नियमित पहिलीची नावनोंदणी साधारण जानेवारीत होते, मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होणार त्या वर्षाच्या ऑगस्टपासून पहिली. आमच्यासारखे अधेमधे येणारे थेट नगरपालिकेच्या शिक्षण विभागाला कळवतात.

आणि मग तो अर्ज. मुलाच्या तब्येतीबद्दल, शिकण्याबद्दल शाळेला काही सांगायचंय का, असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला होता. माझ्या मुलाला डाव्या कानाने जन्मापासून कमी ऐकू येतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला बंदी आहे, तरी आमच्याकडच्या एका शाळेने त्याला समोर बसवून प्रश्न विचारले आणि "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही" म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून आमच्या घरात कान हा विषय दार लावून बोलायचा झाला होता. तुम्ही कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलंत. कारण विचारलं नाहीत, उपदेशही केला नाहीत. एवढंच म्हणालात, "प्रवेश झालाच आहे असं समज. आता जे लिहायचं ते त्याला मदत मिळावी म्हणून लिहायचं." आणि माझ्याकडून एकेक वाक्य काढून घेतलंत: कोणत्या बाजूने बोललेलं कळतं, गोंगाटात काय होतं, कानाचं मशीन किती वेळ घालतो, दमल्यावर कसा गप्प होतो. तपासणीचे मिरजेचे कागदही जोडायला लावलेत.

ताई, माझे खरे आभार या एका गोष्टीसाठी आहेत. बाकीचं सगळं तिच्यातूनच आलं.

वर्गात त्याची जागा आता अशी आहे की उजवा कान बाईंकडे येतो आणि सगळा वर्गही दिसतो. खुर्च्यांच्या पायांना खालून जाड फेल्ट चिकटवलेलं आहे. मी वाकून हात लावून पाहिलं. खुर्ची ओढली तरी आवाज जेमतेम येतो. मशीन घालणाऱ्याला फरशीवरची ती खरखर किती छळते हे मला आई असूनही कळलं नव्हतं, शाळेला माहीत होतं. विशेष शिक्षिका आठवड्यातून ठरलेल्या वेळी त्याला थोडा वेळ वेगळं घेऊन बसतात, आणि त्यात वर्गातल्या कुणालाच काही वेगळं वाटत नाही, कारण कुणी ना कुणी जातच असतं. पहिलीतल्या मुलांची शाळेच्या नर्सकडे सविस्तर आरोग्य तपासणी होते, तिला आईबाबांनाही बोलावतात. आम्ही दोघं गेलो. त्याच्या कानाबद्दल कुणी इतकं मोकळेपणाने आणि इतकं साधं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पहिल्या बैठकीला तुम्ही सोबत आलात, पण दुभाषी व्हायला साफ नकार दिलात, तेही किती बरोबर होतं! मुलीला तर अजिबात मधे घालू नकोस म्हणालात, भावाच्या कानाचा भार बहिणीच्या अंगावर कशाला. शाळेकडे दुभाषी मागायचा, त्याचे पैसे आपल्याला पडत नाहीत. आम्हाला हिंदीचा मिळाला, काम झालं. तुम्ही शेजारी बसून राहिलात आणि शेवटी एकदाच बोललात: "अजून काय विचारायचंय ते विचारून घे, त्यांच्याकडे वेळ आहे."

मुलीची गोष्ट वेगळी. ती मोठी, तिला तयारी वर्गात घातलं. ज्यांना शाळेची भाषा येत नाही अशा मुलांसाठी हा वर्ग असतो. सहा ते दहा वर्षांच्यांना निदान ९०० तास, त्याहून मोठ्यांना निदान १००० तास. मूल आधीच तयार झालं तर तास पुरे व्हायची वाट न बघता नेहमीच्या वर्गात जाऊ शकतं. चित्रकला, व्यायाम, गणित या तासांना ती आपल्या वयाच्या मुलांबरोबर बसू लागली. पुढे फिनिश दुसरी भाषा म्हणून शिकवतात, त्यामुळे एकदम खोल पाण्यात ढकलल्यासारखं होत नाही. तिचा वर्ग मात्र दुसऱ्या शाळेत होता. अंतर पाच किलोमीटरच्या वर असलं की जाण्यायेण्याची सोय नगरपालिका करते, हे तुमच्याकडूनच कळलं, आणि बसचा पास घरी आला. पहिल्या दिवशी तिच्या दप्तराला तुम्ही चमकता रिफ्लेक्टर बांधलात, गाठ दोनदा ओढून पाहिलीत. सकाळी आठला अंधार असणाऱ्या देशात ही गाठ किती मोलाची, हे इथे येणाऱ्यांना आल्यावर कळेल.

जेवणाचंही लिहायला हवं. शाळेतलं गरम जेवण सगळ्यांना फुकट, १९४८ पासून. वह्या-पुस्तकंही शाळेची. आमचं शाकाहारी घर, त्यामुळे मी डबा द्यायचं ठरवून बसले होते. तुम्ही आहाराची नोंद करायला लावलीत. आता दोघं भाजीचं सूप आणि राय या धान्याची कुरकुरीत पोळी खाऊन येतात आणि घरी तीच मागतात.

फी नाही, देणगी नाही, मुलाखत नाही, हे कसं काय, असं ह्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलेलं मला फार आवडलं. इथेही पूर्वी चौथी-पाचवीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या, काही पुढच्या शिक्षणाकडे, बाकीची लवकर कामाकडे. १९६८च्या कायद्याने ते मोडलं. १९७२ साली उत्तरेत लॅपलंडपासून सुरुवात करून १९७७ पर्यंत राजधानीच्या भागापर्यंत सगळ्या मुलांना नऊ वर्षांची एकच शाळा, पेरुस्कोउलु, मिळाली. डॉक्टरचा मुलगा आणि बस ड्रायव्हरची मुलगी एका बाकावर. माझा मुलगा त्या बाकावर बसतो, म्हणून हा इतिहास मला आता घरचा वाटतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी तुमच्याच दोन सूचना इथे घालते. शाळेचे निरोप विल्मा या ॲपवर येतात, ते रोज बघायचे आणि मनात येईल ते तिथेच शिक्षकांना लिहायचं. आणि शाळेतल्या समाजसेविका, म्हणजे कुराअत्तोरी, आणि मानसशास्त्रज्ञ २०२३ पासून नगरपालिकेचे नाहीत, कल्याण सेवा क्षेत्राचे, म्हणजे आरोग्य आणि समाजसेवा बघणाऱ्या प्रादेशिक यंत्रणेचे, आहेत. म्हणून त्यांची पत्रं, त्यांच्या संमतीचे कागद वेगळे येतात, गोंधळायचं नाही. मुलांना शिकताना द्यायच्या मदतीची जुनी तीन पायऱ्यांची पद्धतही ऑगस्ट २०२५ मध्ये बदलली आहे, तेव्हा आधी आलेल्यांचं ऐकून न थांबता शाळेलाच विचारावं. पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेनंतर सांभाळण्याची सोय असते, तिला फी आणि अर्ज दोन्ही वेगळे.

ताई, आता एक काम सांगते. मुलाच्या मातृभाषेचे आठवड्याला दोन तास नगरपालिका देऊ शकते, पण त्या भाषेची पुरेशी मुलं जमायला हवीत. मी मराठी घरांची यादी करायला घेतली आहे. एस्पोतल्या लेप्पावारा आणि मातिनक्युला भागांची नावं झाली, किवेनलाहतीकडे माझी कुणाशी ओळख नाही. तुमची आहे. तेवढी नावं मला कळवाल?

तुमची,
सेल्लोच्या वाचनालयात भेटलेली मिरजेची