बाबा, तुमचा मेसेज अडकला होता

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, शुक्रवारी रात्री माझ्या गेमिंगच्या लाइव्हवर मला शिव्या घालणाऱ्या त्या पोराला तुम्ही लिहिलंत, "तुझ्या घरी आई-बहीण नाही का?" तो मेसेज कुणालाच दिसला नाही. मला सकाळी अडकलेल्या मेसेजांत सापडला. अडवायच्या शब्दांची यादी मीच भरलीये आणि त्यात 'आई', 'बहीण' अगदी वर आहेत. येणाऱ्या शिव्या तिथूनच सुरू होतात, काय करणार! त्यात लोक तीच शिवी इंग्रजी अक्षरांत, मध्ये टिंबं-आकडे घालून पाठवतात, म्हणून एकेकीची दहा-बारा रूपं टाकावी लागली. तुम्ही घोटून घेतलेलं शुद्धलेखन असं कामी आलं.

मी घाबरून गप्प बसते असं समजू नका. उत्तर दिलं की त्याला हवं तेच मिळतं. चॅटवर माझी सांगलीची मैत्रीण असते, ती त्याला गुपचूप 'हाइड' करते. मग त्याचं लिहिलेलं बाकी कुणाला दिसत नाही आणि त्याला ते कळतही नाही. बसतो बिचारा भिंतीशी भांडत. धमकी असेल तर मात्र आधी स्क्रीनशॉट, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार.

त्रास होतो का? होतो. सुरुवातीची दोन वर्षं मी बीजीएमआय, तो टीमने खेळायचा बंदुकांचा मोबाइल गेम, मुलाचं नाव घेऊन, माइक बंद ठेवून खेळले. आवाज ऐकला की आपल्याच टीममधला कुणीतरी "जा, भाकऱ्या थाप" म्हणायचा. पण माइकशिवाय 'मागे माणूस आहे' हे साथीदाराला सांगणार कसं? कित्येक मॅच तशाच गेल्या.

ट्विच या लाइव्ह गेमिंगच्या साइटवर तर बनावट खाती झुंडीने चॅटमध्ये घुसून शिव्या घालायची. बायका, कृष्णवर्णीय, समलिंगी, सगळ्यांना. शेवटी 1 सप्टेंबर 2021 ला तिकडच्या कित्येक स्ट्रीमर्सनी दिवसभर लाइव्हच बंद ठेवलं. मला ते पटलं, पण एक दिवस बंद ठेवणं मला परवडत नाही, हेही खरं.

2024 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान गेमर्सना भेटले ते आठवतं? सात जणांत मुलगी एकच, छिंदवाड्याची पायल धारे. "अगं, आपल्या सावनेरहून सरळ रस्ता!" असं आई केवढ्या हौसेने म्हणाली होती.

आई, तुझ्या स्टेटसवरचा आमच्या सोसायटीच्या पाटीचा फोटो तेवढा काढून टाक. मी खिडकीसुद्धा कॅमेऱ्यात येऊ देत नाही.

शनिवारी रात्री 9 ला पुन्हा आहे. बाबा, नुसतं लाइक करा.

तुमची,
ताई